गाडीतल्या म्युझिक सिस्टिममधली शिट्टी: आधी शोध, मग खर्च

मागच्या व्याख्यानात आपण गाडीची बॅटरी आणि तिचं चार्जिंग कसं चालतं ते पाहिलं. आजचा विषय त्यालाच जोडून आहे. गाडी सुरू केली की स्पीकरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो, पाय काढला की उतरतो. गाणं थांबवलं तरी तो चालूच. मग आपण दुकानात जातो. तिथे एक फिल्टर बसवला जातो. फरक पडत नाही, म्हणून केबल बदलतात. तरीही नाही, म्हणून अँप बदलायला सांगतात. पैसे जातात आणि शिट्टी तिथेच राहते.

याचं कारण साधं आहे. आवाज कुठल्या वाटेने आत येतो हे कुणी शोधलेलंच नसतं. ते शोधता येतं, आणि त्यासाठी एक मल्टिमीटर, एक-दोन जादा केबल आणि एक मोकळी दुपार पुरते. आज आपण तेवढंच पाहू.

आवाज तयार कुठे होतो?

आल्टरनेटरमध्ये जी वीज तयार होते ती मुळात तीन फेजची एसी असते. आतले डायोड तिची डीसी करतात. पण ही डीसी बॅटरीसारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा राहतात. बऱ्याच आल्टरनेटरमध्ये १२ ध्रुव असतात, म्हणजे ६ जोड्या. एका फेरीत विजेची ६ आवर्तनं होतात आणि प्रत्येक आवर्तनात ६ लाटा उमटतात. म्हणजे एका फेरीत ३६ लाटा.

आता हिशोब करू. इंजिन ८०० आरपीएमवर आहे आणि पुलीमुळे आल्टरनेटर तिप्पट वेगाने फिरतो असं धरा. मग तो मिनिटाला २४००, म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या घेतो. ४० गुणिले ३६, म्हणजे १४४० हर्ट्झ. इंजिन २४०० आरपीएमवर नेलं की हाच आकडा ४३२० होतो. आपला कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. त्यामुळे लाटा लहान असल्या तरी त्या आपल्याला बरोबर टोचतात.

इथे एक लक्षात घ्या. या लाटा प्रत्येक गाडीत असतात. आल्टरनेटर ठणठणीत असला तरी असतात. प्रश्न त्या गाण्याच्या वाटेवर कशा आल्या हा आहे.

आत येतो कसा?

गाडीत आपण ज्याला अर्थ म्हणतो, त्याचा जमिनीशी काही संबंध नसतो. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीच्या पत्र्याला जोडलेली असते आणि पत्राच परतीच्या वायरचं काम करतो. स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डमागे असतो, अँपचा अर्थ डिकीत. आणि या दोघांना जोडणारी तिसरी वाट म्हणजे सिग्नलची आरसीए केबल, कारण तिची बाहेरची जाळीही अर्थच असते. असं एक वेटोळं तयार होतं.

समजा डिकीतला बोल्ट रंगावरच आवळलाय आणि तिथे ०.०१ ओहम रोध आहे. अँप ३० अँपिअर ओढतोय. ओहमच्या नियमाने तिथे ०.३ व्होल्ट, म्हणजे ३०० मिलिव्होल्ट उभे राहतात. त्यातला एकच टक्का लाटांचा धरला तरी ३ मिलिव्होल्ट झाले. हळू आवाजात गाणं ऐकताना केबलमधला सिग्नल काही मिलिव्होल्टच्याच घरात असतो. अँपला दोन्हींतला फरक कळत नाही. तो दोन्ही मोठे करून स्पीकरला देतो. म्हणून आमच्याकडे गमतीने म्हणतात, अर्थ सैल तर अनर्थ!

पहिली चाचणी: कान

आधी नुसतं ऐका. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी म्हणजे आल्टरनेटर. वेगाबरोबर वाढणारी टकटक किंवा खरखर पेट्रोल-सीएनजी गाडीत असेल तर संशय स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरींवर. डिझेलला स्पार्क प्लगच नसतात, त्यामुळे तिथे दुसरीकडे बघायचं. ही तक्रार गाडीतल्या रेडिओइतकीच जुनी आहे. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये मोटोरोला नावाचा मोटारीतला रेडिओ बाजारात आणला, तेव्हाही स्पार्कचा गोंगाट आवरणं हे मोठं काम होतं. वायपर, ब्लोअर किंवा इंडिकेटर लावल्यावरच आवाज येत असेल तर गुन्हेगार समोरच आहे.

मग स्टिरिओचा आवाज कमी-जास्त करा. शिट्टीही त्याबरोबर कमी-जास्त झाली, तर ती आवाजाच्या बटणाच्या आधी शिरतेय: ऑक्स, यूएसबी किंवा अँटेनाकडून. ती जशीच्या तशी राहिली, तर बटणाच्या पुढे शिरतेय: केबल, अँप किंवा अर्थ. एका बटणाने अर्धी गाडी संशयातून बाहेर गेली.

दुसरी चाचणी: चार्जर

फोन ऑक्स केबलने स्टिरिओला जोडलाय आणि त्याच वेळी लायटर सॉकेटमधल्या चार्जरवर लावलाय, ही अगदी नेहमीची जोडी. चार्जर काढून बघा. शिट्टी गेली? मग अँप, केबल, अर्थ कशालाही हात लावू नका. वेटोळं फोनमधून झालं होतं. ब्लूटूथवर ऐका, नाहीतर ऑक्सच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो गाणं पुढे जाऊ देतो, पण दोन अर्थ एकमेकांपासून तोडतो.

तिसरी चाचणी: अँपपासून मागे

वेगळा अँप असेल तर आता त्याच्याकडे वळू. सिस्टिम बंद करा. अँपच्या आरसीए केबल काढा आणि त्या जागी आतली पिन व बाहेरची कडी एकमेकांना जोडलेले रिकामे प्लग लावा. लक्षात ठेवा, हे प्लग फक्त अँपच्या इनपुटला लावायचे, स्टिरिओच्या आउटपुटला नाही. मग गाडी सुरू करा.

शिट्टी अजून येतेय? मग दोष अँपच्या पॉवरमध्ये, अर्थमध्ये, स्पीकरच्या वायरीत किंवा खुद्द अँपमध्ये. शिट्टी गेली? मग ती मागून येत होती. आता प्लग काढून चार्जरवर नसलेला फोन थेट अँपला जोडा. इथेही स्वच्छ वाजलं तर अँप निर्दोष सुटला, उरले केबल आणि स्टिरिओ. दुसरी आरसीए केबल सीटवरून तात्पुरती टाकून बघा. तिच्यावर आवाज स्वच्छ आला तर जुनी केबल खराब आहे किंवा पॉवर वायरला चिकटून गेलीय. पॉवरची जाड वायर गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्यावी. ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडावी.

केबल बदलूनही शिट्टी राहिली तर स्टिरिओच्या आरसीएची बाहेरची कडी एका वायरने स्टिरिओच्या धातूच्या बॉडीला टेकवून बघा. शिट्टी थांबली तर आतला बारीक अर्थ जळालाय. सिस्टिम चालू असताना केबल काढ-घाल केल्यानेही असं होऊ शकतं.

चौथी चाचणी: अर्थ मोजणं

इथे बरेच जण मीटर ओहमवर लावतात आणि 'शून्य दाखवतंय, अर्थ ठीक आहे' म्हणतात. साधा मीटर ०.०१ ओहम मोजूच शकत नाही. म्हणून रोध मोजायचा नाही, व्होल्ट मोजायचे. इंजिन, हेडलाइट आणि म्युझिक चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अँपच्या अर्थ टर्मिनलला लावा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर बरं. जास्त असेल तर बोल्ट काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, चांगला लग वापरून घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. आपल्याकडे किनारपट्टीवर, आणि पावसाळ्यात मॅटखाली पाणी साचलेल्या गाड्यांत, हा बोल्ट गंजलेला सापडणं नवलाचं नाही.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: फिल्टर लावायचाच नाही का?*

लावायचा, पण वाट सापडल्यावर, आणि त्या वाटेवरच. पॉवर लाइनवरचा फिल्टर अर्थच्या वेटोळ्याला काही करू शकत नाही.

*प्रश्न: एकाने स्टिरिओचा अर्थच काढून टाकला, आवाज गेला. चालेल का?*

नाही. मग स्टिरिओचा सगळा प्रवाह आरसीएच्या पातळ जाळीतून परततो. तीच जाळी तापते आणि जळते. तसंच अँपच्या पॉवर वायरला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा. आवाज शोधायला बॉनेट उघडलंच आहे, तर तोही बघून घ्या. तो नसेल तर वायर कुठे घासून बॉडीला टेकली की आग लागू शकते.

*प्रश्न: शिट्टी परवापर्यंत नव्हती, अचानक सुरू झाली. तर?*

काही नवीन बसवलं नसेल तर आधी आल्टरनेटर तपासा. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर एखादा डायोड गेल्याचा दाट संशय घ्यावा. काही स्वस्त मीटर मात्र एसीवर सरळ २५-३० दाखवतात. तो मीटर या कामाचा नाही, दुसरा घ्या. डायोड गेलेला असेल तर चार्जिंग कमी पडतं, आणि गाडी एखाद्या रात्री घाटात बंद पडू शकते. अशा वेळी शिट्टी ही सूचना असते. फिल्टर लावून ती दाबू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनला गाठा.