मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नेत्रदाबात होणारे बदल : एक विवेचन

प्रस्तावना

मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूमुळे गेलेली दृष्टी मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाही. वृद्धापकाळी हे दोन्ही विकार पुष्कळदा एकाच डोळ्यात आढळतात. म्हणूनच मोतीबिंदू काढल्यानंतर नेत्रदाबाचे काय होते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या बदलांचा क्रम व कारणे यांचे विवेचन केले आहे.

नेत्रदाबाचे स्वरूप

डोळ्याच्या पुढील भागात नेत्रजल हा स्वच्छ द्रव अखंड पाझरत असतो. स्वच्छमंडल व परितारिका यांच्यामधील कोनातील जाळीदार ऊतकातून त्याचा निचरा होतो. निर्मिती व निचरा यांच्या समतोलावर नेत्रदाब अवलंबून असतो. सामान्यतः तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो.

तात्कालिक वाढ

शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्याचा पुढील कप्पा फुगलेला राहावा व स्वच्छमंडलाच्या आतील पेशींना इजा होऊ नये, यासाठी सोडियम हायलुरोनेटसारखा चिकट द्रव आत भरतात. शेवटी तो धुऊन काढला जातो; तथापि त्याचा काही अंश मागे राहिल्यास निचऱ्याचा मार्ग तुंबतो. शस्त्रक्रियेमुळे होणारा दाह व भिंगाचे सूक्ष्म कण यांचीही त्यात भर पडते. परिणामी पहिल्या काही तासांत दाब वाढतो व बहुधा २४ तासांत उतरू लागतो. निरोगी डोळा हा भार सोसतो. काचबिंदूने आधीच क्षीण झालेल्या दृष्टीच्या मज्जातंतूस मात्र ही अल्पकालीन वाढही घातक ठरू शकते.

दुसरी वाढ काही आठवड्यांनी दिसू शकते. दाह शमविण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांमुळे काही व्यक्तींत निचरा मंदावतो. काचबिंदूचे रुग्ण व त्यांचे रक्ताचे नातलग यांना हा धोका अधिक असतो. ही वाढ बहुधा वेदनारहित असल्याने मोजणीवाचून कळत नाही.

दीर्घकालीन घट

वयोमानानुसार नेत्रभिंग जाड होते, परितारिकेस पुढे रेटते व कोन अरुंद करते. सुमारे ४ ते ५ मिलिमीटर जाडीच्या या भिंगाच्या जागी सुमारे १ मिलिमीटर जाडीचे कृत्रिम भिंग बसविले की कोन मोकळा होतो. अमेरिकेतील नेत्रदाबवृद्धीच्या रुग्णांवरील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी सरासरी २३.९ असलेला दाब नंतर १९.८ पर्यंत उतरल्याचे आढळले. पूर्वीचा दाब जितका अधिक, तितकी घटही सामान्यतः अधिक असते. बंद कोनाच्या काचबिंदूत तर भिंग काढणे हाच एक उपचार ठरू शकतो, हे २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४१९ रुग्णांवरील अभ्यासातून पुढे आले.

निष्कर्ष

एकच शस्त्रक्रिया काही तासांपुरता दाब वाढविते आणि पुढे काही वर्षे तो कमी राखते. यास्तव एकाच मोजणीवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. नेत्रशिबिरात शस्त्रक्रिया करून गावी परतलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे विशेष लक्षात घ्यावयास हवे. कारण स्पष्ट दिसू लागले की तपासणीस जाण्याचे टळते. पहिल्या रात्री तीव्र डोळेदुखी, डोकेदुखी वा उलट्या झाल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. स्टेरॉइडचे थेंब सांगितलेल्या मुदतीपलीकडे वापरू नयेत आणि काचबिंदूचे औषध स्वतःच्या विचाराने बंद करू नये. मोतीबिंदू गेला तरी काचबिंदू राहतोच. परत मिळालेली दृष्टी टिकविण्यासाठी दाबाची नियमित मोजणी अनिवार्य आहे.