अंतराळवीर आणि त्याचा सोबती

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या सातारा-सांगलीकडील घरांत दोन प्रकारचीं मुलें दिसतात. कांहीं यशानें फुललेलीं, तर कांहीं कोपऱ्यांत मान खालीं घालून बसलेलीं. या दुसऱ्या मुलांकरितां व त्यांच्या पालकांकरितां आम्ही येथें दोन वैमानिकांची हकीकत सांगत आहों.

राकेश शर्मा यांचा जन्म १९४९ सालीं पतियाळा येथें झाला. १९६६ सालीं ते पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत दाखल झाले. साताऱ्यास १९६१ सालीं निघालेली सैनिक शाळा याच प्रबोधिनीसाठीं मुलें तयार करते. पुढें १९७१ च्या युद्धांत शर्मांनीं वायुदलाचें मिग विमान चालविलें.

अंतराळप्रवासासाठीं भारतानें शर्मा व रवीश मल्होत्रा अशा दोन वैमानिकांची निवड केली. दोघेही मॉस्कोजवळील केंद्रांत राहिले, रशियन भाषा शिकले. अभ्यास सारखा, कष्टही सारखेच. परंतु यानांत भारतीयास जागा एकच होती. ३ एप्रिल १९८४ रोजीं बैकानूरहून सोयूझ टी-११ यान सुटलें, तेव्हां शर्मा आंत होते आणि मल्होत्रा जमिनीवर.

सॅल्यूत-७ या स्थानकांत शर्मा सुमारें आठवडाभर राहिले. तेथें माणसास वजन जाणवत नाहीं व काम न उरल्यामुळें स्नायू दुबळे होतात. योगासनांनीं हें कितपत टळतें, याचा प्रयोग त्यांनीं स्वतःवर केला. ११ एप्रिलला ते सुखरूप परतले. पुढें वायुदल सोडल्यावर नाशिकच्या विमान-कारखान्यांत नव्या विमानांची चाचणी घेण्याचें जोखमीचें काम त्यांनीं पत्करलें. कीर्ति मिळाली म्हणून कष्ट सुटले नाहींत.

मग मल्होत्रांचे श्रम वायां गेले काय? मुळींच नाहीं. ऐन वेळीं पहिला आजारी पडला तर दुसऱ्यानें त्याच जागीं बसावयाचें असतें. दुसरा पूर्ण तयार असतो, म्हणूनच मोहीम निर्धास्तपणें पुढें जाते. सरकारनें शर्मांस अशोकचक्र दिलें, तसें मल्होत्रांस कीर्तिचक्र देऊन हें ऋण मानलें.

पालकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, जागा थोड्या असतात व लायक मुलें पुष्कळ. विद्यार्थिमित्रहो, निवड आपल्या हातीं नसते. तयारी मात्र सर्वस्वीं आपली असते. परमेश्वर ज्याला जेथें उभें करील, तेथें ती कामास येतेच.