ड्रॅक्युला चीनला जातो तेव्हा

‘द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हॅम्पायर्स’ हा 1974 चा चित्रपट पाहून उठलेल्या दोन प्रेक्षकांचं एकमत होणं कठीण. एक विचारतो, यात ड्रॅक्युला आहे कुठे? दुसरा म्हणतो, मारामारी छान रंगली होती, तो म्हातारा प्राध्यापक मध्येच बोलत का बसतो? मला दोन्ही तक्रारी रास्त वाटतात. रक्तपिपासू भूत आणि कुंग-फू एका पडद्यावर आणलं की काय जुळतं आणि काय अडतं, ते या तक्रारींच्या आधारेच नीट समजतं.

आधी चित्रपट कसा जन्मला ते पाहू. इंग्लंडची हॅमर ही कंपनी 1958 च्या ‘ड्रॅक्युला’सारख्या भयपटांसाठी नावाजलेली. सत्तरच्या दशकात तिच्या धुकं, किल्ला आणि क्रूस यांच्या दुनियेची ओढ ओसरू लागली. त्याच सुमारास कुंग-फूचे चित्रपट पाश्चात्त्य थिएटरांत गर्दी खेचत होते. ‘एंटर द ड्रॅगन’ 1973 मधलाच. हॅमरने हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीशी हातमिळवणी केली आणि चित्रीकरणही तिथेच झालं. दिग्दर्शक इंग्रज, रॉय वॉर्ड बेकर. मारामारी मात्र तांग चिया आणि लाउ कार-लिउंग यांनी बसवली, आणि शॉचे मातब्बर दिग्दर्शक चांग चेह यांनीही श्रेयनामावलीत नाव न येता काही भाग हाताळला. चित्रपट दोन हातांनी घडला आहे हे पडद्यावरही जाणवतं.

गोष्ट अशी. 1804 मध्ये काह नावाचा चिनी पुजारी ट्रान्सिल्व्हेनियात येऊन ड्रॅक्युलाकडे मदत मागतो. ड्रॅक्युला त्याचंच शरीर बळकावून चीनला जातो. शंभर वर्षांनी प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग चुंगकिंगच्या विद्यापीठात सात सोनेरी व्हॅम्पायरांच्या शापित गावाबद्दल व्याख्यान देतात. विद्यार्थी उठून जातात, पण शी चिंग हा तरुण थांबतो, कारण ते गाव त्याच्याच पूर्वजांचं असतं. मग तो, त्याचे भाऊ, बहीण आणि प्राध्यापक त्या गावाकडे निघतात.

अडचण इथून सुरू होते. भयपट प्रेक्षकाला ताटकळत ठेवतो. राक्षस जितका कमी दिसेल तितका मोठा वाटतो, आणि माणूस हातापायांच्या बळावर त्याला हरवू शकत नाही, हीच खरी भीती. कुंग-फूला नेमकं उलटं हवं असतं. प्रतिस्पर्धी डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, वार कुठे बसला ते कळलं पाहिजे, आणि तो पडूही शकला पाहिजे. शी चिंगच्या भावांपैकी प्रत्येकाचं हत्यार वेगळं: कुऱ्हाडी, भाला, धनुष्य. ही हत्यारं चालायला लागली आणि थडग्यांतून उठलेली प्रेतं भराभर कोसळू लागली, की भय संपतं, उरते ती चकमक. भयपटाच्या चाहत्यांचा सूर इथे बिघडतो.

पण एका प्रसंगात दोन्ही गोष्टी अप्रतिम जुळल्या आहेत, आणि तो सुरुवातीलाच येतो. शी चिंगचे आजोबा, एक साधा शेतकरी, पळवून नेलेल्या बायकोला सोडवायला व्हॅम्पायरांच्या मंदिरात शिरतात. झटापटीत एकाच्या गळ्यातलं सोनेरी वटवाघळाचं पदक त्यांच्या हाती लागतं. ते पळतात, मागे घोड्यांवरून मुखवटे घातलेले सातही जण. वाटेतल्या छोट्या बुद्धमूर्तीला ते पदक अडकवून शेतकरी पुढे धावतो. त्यातला एक ते परत घ्यायला जातो, हात मूर्तीला लागतो आणि तो जळून खाक होतो. इथे लढाई कौशल्याने जिंकलेली नाही; शत्रूचा नियम काय, हे कळण्यावर सगळं ठरलं. क्रूसाच्या जागी बुद्ध आला तो असा कथेच्या पोटातून, म्हणून पटतो.

ड्रॅक्युलाबद्दलची नाराजी वेगळी आहे. हॅमरचे नेहमीचे ड्रॅक्युला क्रिस्टोफर ली यांनी भूमिका नाकारली. जॉन फोर्ब्स-रॉबर्टसन हे ड्रॅक्युला झाले, पण आवाज डेव्हिड डी कायझर यांचा, आणि ड्रॅक्युला स्वतःच्या रूपात दिसतो तो फक्त आरंभी आणि शेवटी. चित्रपट तोलून धरतात ते प्राध्यापकाच्या भूमिकेतले पीटर कुशिंग. साठीच्या या नटाने एकही वाक्य उरकून टाकलेलं नाही. प्राध्यापक वेळ खातो म्हणणाऱ्यांनी त्यांचे डोळे पाहावेत. मारामारीच्या गदारोळात धोका खरा वाटतो तो त्यांच्यामुळे.

आणखी एक गोष्ट मतांवर परिणाम करते: सगळ्यांनी एकच चित्रपट पाहिलेला नसतो. अमेरिकेत तो 1979 मध्ये ‘द सेव्हन ब्रदर्स मीट ड्रॅक्युला’ या नावाने, सुमारे 75 मिनिटांपर्यंत कापून आणि प्रसंगांची उलटापालट करून आला. त्या प्रतीवरून गोष्ट कळली नाही म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही.

भय आणि कुंग-फू जुळवण्याच्या कोड्याचं पुरेपूर उत्तर हाँगकाँगनेच दिलं, 1985 च्या ‘मिस्टर व्हॅम्पायर’मध्ये. निर्माता सामो हंग, दिग्दर्शक रिकी लाउ, आणि मांत्रिक गुरूच्या भूमिकेत लाम चिंग-यिंग. इथला व्हॅम्पायर चिनी लोककथांमधला: अंग ताठ, हात पुढे, उड्या मारत येणारा. त्याला माणूस कळतो तो श्वासावरून, म्हणून लढता लढता पात्रं श्वास रोखून स्तब्ध उभी राहतात. भयपटाचं ताटकळणं असं थेट मारामारीच्या मधोमध येऊन बसतं! बाकीचे नियमही हाताने करायचे. कपाळावर पिवळा मंतरलेला कागद चिकटवायचा. व्हॅम्पायरच्या विषावर चिकट तांदूळ. पण दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळतो आणि उपाय फसतो. सुतार रेघ मारायला ताणतात तशी शाईची दोरी ताणून शवपेटी रेघांनी बंदिस्त करायची. शिष्य तळाकडची बाजू विसरतात आणि प्रेत तिथूनच सुटतं. नियम चुकला तर मरण, आणि नियम पाळायला चपळाई हवी, म्हणून भय आणि कुंग-फू एकमेकांना खात नाहीत.

माझं मत विचाराल तर ‘मिस्टर व्हॅम्पायर’ निर्विवाद सरस आहे. तरी आधी 1974 चा पाहा, तोही न कापलेला.