संकेतस्थळावर मराठी नावे का बिघडतात?



मंडळांच्या सभासद याद्या आणि जुन्या स्मरणिका आता संकेतस्थळांवर येऊ लागल्या आहेत. तिथे कधी मराठी नावाच्या जागी विचित्र चिन्हे दिसतात, कधी रिकामे चौकोन, तर कधी नुसती प्रश्नचिन्हे. तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि नुकसानही वेगळे.

संगणक अक्षरे नव्हे, आकडे साठवतो. कोणत्या अक्षराचा कोणता क्रमांक, ही जगन्मान्य यादी म्हणजे युनिकोड. तो क्रमांक बाइटमध्ये मांडण्याची पद्धत म्हणजे एन्कोडिंग. वेबवर यूटीएफ-८ ही पद्धत रूढ आहे. तिच्यात ‘म’ साठी तीन बाइट लागतात: २२४, १६४, १७४.

खातेवहीत ५०० हा आकडा जमेचा की नावेचा, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. बाइटचेही तसेच. ब्राउझरने यूटीएफ-८ ऐवजी जुनी पाश्चात्त्य पद्धत धरली, तर तो तीन बाइटची तीन वेगळी चिन्हे करतो. ‘म’ च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, चलनाचे एक चिन्ह आणि वर्तुळातला आर उमटतो. पण मूळ बाइट शाबूत असतात; पानाची पद्धत बरोबर जाहीर केली की नाव नीट दिसते. चौकोन दिसले तर बहुधा त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नसतो. तिथेही मजकूर सुरक्षितच असतो.

खरा धोका प्रश्नचिन्हांचा. डेटाबेसचा तक्ता देवनागरी न मावणाऱ्या पद्धतीचा असेल, तर साठवतानाच अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह लिहिले जाऊ शकते. मग मूळ अक्षर उरतच नाही. नंतर कोणतीही दुरुस्ती ते परत आणू शकत नाही. जुना बॅकअप किंवा कागदी नोंदवहीच शोधावी लागते.

म्हणून संकेतस्थळ करून घेताना तीन ठिकाणी एकच पद्धत आहे ना, हे विचारावे: डेटाबेसचा तक्ता, डेटाबेसशी होणारी जोडणी आणि ब्राउझरला पाठवले जाणारे पान. मायएसक्यूएल वापरत असल्यास तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावे. रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली जाते का, हेही पाहावे. ‘श्रीकृष्ण’ या एका नावाला २७ बाइट लागतात.

पूर्ण यादी चढवण्यापूर्वी दहा जोडाक्षरी नावे भरावीत, साठवावीत, पान पुन्हा उघडून वाचावीत. ताळा जुळेपर्यंत जुनी नोंदवही रद्दीत देऊ नये.