कमी बजेटमध्ये टेलिफोटो लेन्स घ्यायचीय? ३००, ४०० की ६००, खान्देशातल्या पक्ष्यांवरून समजून घ्या

नोव्हेंबर १९९७. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या अमेरिकी पक्षीअभ्यासकांना एक छोटं घुबड दिसलं. तो रानपिंगळा होता. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीशीर नोंदच नव्हती. तो नामशेष झाला, असं अनेकांनी गृहीत धरलं होतं. ११३ वर्षांनी तो पुन्हा सापडला.

शहादा आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. रानपिंगळा जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्याच्या परिसरातही आढळतो. बहुतेक घुबडं रात्री बाहेर पडतात, हा मात्र दिवसाही शिकार करतो. हिवाळ्यात सकाळी तो उघड्या फांदीवर ऊन खात बसलेला दिसू शकतो. फोटोग्राफरला आणखी काय हवं?

अडचण एकच. हा पक्षी जेमतेम २३ सेंटीमीटरचा. मोबाइलमध्ये तो ठिपक्याएवढा येतो आणि कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ची किट लेन्सही पुरत नाही. मग शोध सुरू होतो टेलिफोटो झूमचा. कंपनीची मोठी लेन्स परवडत नाही, म्हणून सिग्मा, टॅमरॉनची नावं समोर येतात. पण नेमकी कोणती घ्यायची?

थर्ड पार्टी लेन्स म्हणजे काय?

कॅमेरा एका कंपनीचा आणि लेन्स दुसऱ्या कंपनीची, तर ती थर्ड पार्टी लेन्स. जपानच्या सिग्मा आणि टॅमरॉन या त्यातल्या दोन मोठ्या कंपन्या. दोघीही अनेक दशकं हेच काम करतात, त्यामुळे थर्ड पार्टी म्हणजे डुप्लिकेट असं समजू नका.

मग त्या स्वस्त कशा? एक कारण म्हणजे एकाच लेन्सची रचना कॅनन, निकॉन, सोनी अशा वेगवेगळ्या माउंटसाठी वापरता येते. दुसरं कारण अॅपर्चर.

६०० मिमी लेन्सचं अॅपर्चर एफ/४ हवं असेल, तर ६०० भागिले ४, म्हणजे १५० मिमी रुंदीची काच लागते. एफ/६.३ चालणार असेल, तर साधारण ९५ मिमी पुरते. सिग्माच्या कंटेम्पररी आणि टॅमरॉनच्या १५०-६०० लेन्सना ९५ मिमीचा फिल्टर लागतो, तो यामुळेच. काच लहान झाली की वजन आणि किंमत दोन्ही खाली येतात. म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या ६०० एफ/४ लेन्सना कित्येक लाख मोजावे लागतात आणि या झूम लेन्स लाखाच्या आसपास मिळतात.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. एफ/६.३ला एफ/४च्या तुलनेत निम्म्याहून कमी प्रकाश आत येतो. खान्देशातल्या लख्ख उन्हात ते खपून जातं. पहाटे किंवा दाट झाडीत मात्र आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे दिसू लागतात.

३००, ४०० की ६००?

आता थोडं गणित. रानपिंगळा २० मीटरवर बसलाय आणि तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा आहे, असं धरू. आडव्या फोटोत तो एवढा दिसेल:

• ३०० मिमी: फ्रेमच्या उंचीचा सुमारे २२ टक्के, म्हणजे साधारण ८८० पिक्सेल
• ४०० मिमी: सुमारे २९ टक्के, साधारण ११८० पिक्सेल
• ६०० मिमी: सुमारे ४४ टक्के, साधारण १७७० पिक्सेल

इन्स्टाग्रामची उभी पोस्ट १०८० बाय १३५० पिक्सेलची असते. म्हणजे ३०० मिमीचा फोटो नीट क्रॉप केला, तरी पक्षी पोस्टच्या उंचीचा जवळपास दोन तृतीयांश भाग व्यापतो. फोकस अचूक असेल, तर स्क्रीनवर पाहणाऱ्याला लेन्स कोणती होती हे कळणारही नाही. मोठी प्रिंट काढायची असेल किंवा स्पर्धेला फोटो पाठवायचा असेल, तेव्हा ४०० आणि ६००चा फरक जाणवतो.

पाण्यावरचं गणित वेगळं. भुसावळजवळच्या तापीवरच्या हतनूर जलाशयावर हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे येतात. तिथे पक्षी १०० मीटरवर असणं नेहमीचं. साधारण ६५ सेंटीमीटरचा चक्रवाक तेवढ्या अंतरावर ३०० मिमीने फ्रेमच्या रुंदीच्या फक्त ८ टक्के भरतो, ६०० मिमीने १७ टक्के. इथे ३०० खरोखरच कमी पडते.

म्हणून खरेदीआधी एक काम करा. गेल्या वर्षभरात तुम्ही कुठे गेलात, पक्षी साधारण किती लांब होते आणि फोटो शेवटी कुठे टाकलेत, हे लिहून काढा. धुळ्याचा नकाणे तलाव किंवा जळगावचा मेहरूण तलाव, घराजवळची झाडं, शाळेच्या मैदानावरची क्रिकेट मॅच, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, हे सगळं ७०-३०० किंवा १००-४००मध्ये बसतं. दर रविवारी हतनूरला जाणार असाल, तर १५०-६००चा विचार करा.

वजनही मोजा

टॅमरॉन १००-४०० आणि सिग्मा १००-४०० या लेन्स साधारण १.१ किलोच्या आहेत. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी १.९ किलोची, टॅमरॉन १५०-६०० जी-२ सुमारे २ किलोची. सिग्माचीच जुनी १५०-६०० स्पोर्ट्स तर जवळपास २.९ किलोची. यात कॅमेऱ्याचं वजन धरलेलं नाही.

सातपुड्याच्या चढावर दोन तास चालल्यावर या एका किलोचा फरक खांद्याला चांगलाच कळतो. जड म्हणून घरी राहिलेल्या ६०० पेक्षा रोज सोबत येणारी ४०० जास्त फोटो देते.

सगळ्यात मोठी चूक: माउंट न तपासणं

लेन्स कॅमेऱ्याला बसली म्हणजे ऑटोफोकस चालेलच असं नाही.

निकॉन: डी३५००, डी५६०० अशा कॅमेऱ्यांत फोकस मोटर नाही. ती लेन्समध्येच असावी लागते. टॅमरॉनच्या जुन्या स्वस्त ७०-३००च्या काही आवृत्त्यांमध्ये मोटर नाही. ती चुकून घेतली, तर प्रत्येक फोटोला हाताने फोकस करावा लागेल. झेड मालिकेच्या कॅमेऱ्यावर एफटीझेड अडॅप्टरने जुनी लेन्स लावणार असाल, तर लेन्सचं फर्मवेअर अपडेट आहे का, हे विचारा.

कॅनन: आर मालिकेच्या आरएफ माउंटसाठी थर्ड पार्टी पर्याय मोजकेच आहेत. २०२४मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनने या माउंटसाठी ऑटोफोकस लेन्स जाहीर केल्या, पण त्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठीच्या, लांब टेलिफोटो नव्हेत. जुन्या ईएफ माउंटची सिग्मा किंवा टॅमरॉन अडॅप्टरने वापरता येते. मात्र तुमच्याच मॉडेलवर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

सोनी: इथे पर्याय भरपूर आहेत. टॅमरॉन १५०-५००, सिग्मा १००-४०० आणि १५०-६०० या लेन्स ई माउंटमध्ये मिळतात. पण सोनीच्या वेगवान कॅमेऱ्यांवर थर्ड पार्टी लेन्सला सेकंदाला १५ फोटोंची मर्यादा आहे आणि टेलिकन्व्हर्टरही चालत नाही. बसलेल्या पक्ष्यासाठी याने फरक पडत नाही. उडत्या पक्ष्यांचेच फोटो काढायचे असतील, तर विचार करा.

आणखी एक गोष्ट. थर्ड पार्टीच नेहमी स्वस्त पडते असं नाही. कॅननची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे आणि लांब टेलिफोटोंमध्ये तुलनेने स्वस्त. निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआर किंवा कॅननची ५५-२५० एसटीएम सुरुवातीला पुरेशी ठरते. आधी कंपनीची किंमत पाहा, मग बाकीच्यांची.

सेकंडहँड घेताना काय पाहायचं?

• स्वतःचा कॅमेरा घेऊन जा आणि सर्वांत लांब झूमवर जवळचा आणि दूरचा, दोन्ही फोकस तपासा
• टॉर्च लावून काचेत बुरशीचे धागे किंवा धूळ दिसते का ते पाहा
• लेन्स खाली झुकवल्यावर झूम आपोआप घसरतो का, लॉक नीट बसतो का, हे बघा
• स्टॅबिलायझेशन सुरू केल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर होतं का, ते पाहा
• मूळ बिल आणि भारतातली वॉरंटी मागा, नुसत्या ‘इम्पोर्टेड पीस’ या शब्दावर जाऊ नका

शक्य असेल तर आधी पुण्या-मुंबईतून दोन दिवसांसाठी लेन्स भाड्याने आणा. लाखभर रुपये घालण्याआधी हजार-दोन हजारांत उत्तर मिळेल.

लेन्स चांगली, तरी फोटो धूसर का?

याला खान्देशात एक खास कारण आहे. जळगाव-भुसावळचं ऊन सगळ्यांना माहीत आहे. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा थरथरत वर जाते आणि दूरचं दृश्य हलतं. लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकं हे जास्त दिसतं. यावर कोणत्याही लेन्सचा उपाय चालत नाही. सकाळी नऊच्या आत फोटो काढून घ्या.

दुसरं कारण शटर स्पीड. स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, पक्ष्याला नाही. बसलेल्या पक्ष्यासाठी १/५००, उडत्या पक्ष्यासाठी १/१६०० किंवा त्याहून जास्त, इथून सुरुवात करा.

लेन्समधून अंतर विकत घेता येतं

रानपिंगळा आययूसीएनच्या यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. २०१८पर्यंत तो त्याहून वरच्या, ‘अतिसंकटग्रस्त’ गटात होता. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. याच कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं.

लेन्स कमी पडली की पाय पुढे पडतात. वीस मीटरचे दहा होतात, दहाचे पाच. कुणी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवतं, कुणी फांदी बाजूला करतं. एकाने टाकलेल्या पोस्टमध्ये लोकेशन असलं, की पुढच्या रविवारी त्याच झाडाखाली दहा जण उभे असतात. पक्ष्याची शिकारीची आणि पिल्लांना भरवायची वेळ त्यात जाते.

म्हणून बजेट कितीही असो, आधी अंतर ठरवा आणि मग लेन्स. ३०० मिमी असेल, तर आजूबाजूच्या जंगलासकट पक्षी दाखवणारा फोटो काढा, तोही सुंदरच असतो. पक्षी खाणं-पिणं सोडून तुमच्याकडेच पाहू लागला, तर तुम्ही जास्त जवळ गेला आहात, मागे या. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीनेच जा. पोस्ट करताना लोकेशन बंद ठेवा, ‘सातपुडा’ एवढं लिहिलं तरी पुरे.

११३ वर्षं जो कुणाला दिसला नाही, त्याचा फोटो आज खान्देशातल्या एखाद्या तरुणाच्या मोबाइलवर असू शकतो. पुढच्या हिवाळ्यातही तो त्याच फांदीवर दिसायला हवा असेल, तर वीस मीटर लांब उभं राहायची तयारी हवी. चांगली लेन्स त्यासाठीच घ्यायची.