एक ग्रॅम काळी दारू

हैदराबादच्या पोराला रॉकेटचं वेड लागायला निमित्त शोधावं लागत नाही. नौबत पहाडावर बिर्ला तारांगण आहे. कंचनबागेत डीआरडीएल ही क्षेपणास्त्रांची प्रयोगशाळा आहे, जिथे ‘पृथ्वी’ आणि ‘अग्नी’ आकाराला आली आणि १९८२ साली अब्दुल कलाम संचालक म्हणून आले. स्कायरूट ही रॉकेट बनवणारी कंपनी इथलीच, तिचं ‘विक्रम-एस’ १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून ८९.५ किलोमीटर उंच गेलं, आणि त्याच्या पोटात विद्यार्थ्यांनी केलेला अडीच किलोचा ‘फनसॅट’ही होता. पहाटे फिरायला निघालेल्या आजोबांपैकी एखाद्यांनी घन इंधनावर आयुष्य काढलेलं असावं, असं हे शहर.

मग इथल्या नामपल्लीतल्या कॉलेजच्या मुलांनी अशाच एखाद्या आजोबांना हाताशी धरून मोठं रॉकेट उडवायचं ठरवलं, तर ती कुठवर पोचतील? संपादकांचा प्रश्न एवढाच होता. मोठं म्हणजे दिवाळीचं नव्हे. दीड किलोमीटर वर जाणारं, पॅराशूटवर खाली येणारं आणि पुन्हा उडवता येणारं.

या छंदाचं माहेर अमेरिका. नेब्रास्कातले ऑर्विल कार्लाइल बुटांचं दुकान चालवायचे आणि त्यांना शोभेच्या दारूचा नाद होता. त्यांच्या तयार, बंदिस्त छोट्या इंजिनावर १९५७ साली जी. हॅरी स्टाइन यांनी नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री उभी केली. त्याच वर्षी स्पुटनिक उडालं होतं आणि पोरं घरोघरी पाइपात काहीबाही ठासून बोटं गमावत होती. पुढे व्हर्न एस्टिस यांनी ‘मेबल’ नावाचं यंत्र बांधलं. ते दर साडेपाच सेकंदांना एक इंजिन घडवून बाहेर टाकायचं. मला या इतिहासात एकच धागा दिसतो: मुलाच्या हातातून दारू काढून घ्यायची, रॉकेट मात्र त्याच्याच हातात ठेवायचं.

इंजिनांना अक्षरं आहेत. ‘ए’ म्हणजे अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंतचा एकूण आवेग, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट. ‘जी’पाशी ती १६० होते. ‘एच’पासून ‘हाय पॉवर’ सुरू होतं आणि तिथून पुढे परवाना लागतो. तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर रॉकेट स्वतः बांधून, उडवून, धडपणे परत आणून दाखवावं लागतं. नुसतं वर जाण्याला गुण नाहीत. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना पहिल्या पायरीपर्यंत जाता येतं, तेही प्रौढाच्या देखरेखीखाली.

अशा प्रौढाचं काम नेमकं काय, हे मला नासाच्या ‘स्टुडंट लाँच’ स्पर्धेच्या नियमावलीत सापडलं, आणि त्या कलमांतून मी लवकर बाहेर पडू शकलो नाही. ही स्पर्धा अलाबामातल्या हंट्सव्हिलला होते. चार ते सहा हजार फुटांमधली एक उंची संघाने आधी जाहीर करायची आणि ती गाठायची. नियम सांगतो की आराखडा, बांधणी, अहवाल, सादरीकरण, उड्डाणाची तयारी हे सगळं, शंभर टक्के, विद्यार्थ्यांनीच करायचं. अपवाद मोजके: इंजिन जुळवणं, काळ्या दारूला हात लावणं, आणि ती पेटवणारी विजेची काडी बसवणं. ही कामं फक्त मार्गदर्शकाची. त्याने त्या ताकदीच्या इंजिनावर निदान दोन रॉकेटं उडवून सुखरूप परत आणलेली असली पाहिजेत. जबाबदारीच्या दृष्टीने रॉकेटचा मालकही कागदोपत्री तोच, आणि संघाबरोबर मैदानावर जाणंही त्याला बंधनकारक.

आपल्याकडच्या ‘गाइड’शी हे ताडून पाहा. आपला गाइड विषय सुचवतो, प्रकरणं तपासतो, सही करतो. काही बिघडलं तर ‘विद्यार्थ्याने ऐकलं नाही’ म्हणायला मोकळा. इथला मार्गदर्शक विचारात ढवळाढवळ करू शकत नाही आणि धोक्यातून अंग काढून घेऊ शकत नाही. अशी माणसं संघांना मिळतात याचंच मला अप्रूप वाटतं.

आता ती काळी दारू. इंजिनाच्या इंधनात ती नाही. ते इंधन म्हणजे बहुधा अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि रबरासारखं चिकट बंधक. काळी दारू लागते वर, नाकाच्या शंकूपाशी आणि नळीच्या सांध्यापाशी. मध्यम आकाराच्या रॉकेटला ग्रॅम-दोन ग्रॅम पुरते. सगळा खेळ त्या ग्रॅमवर आहे.

रॉकेट शिखराला पोचतं तेव्हा क्षणभर जवळजवळ थांबतं. पॅराशूट उघडायचं ते तिथेच. उशीर झाला तर नाक खाली होऊन वेग वाढतो आणि कापड फाटतं. हा क्षण ओळखायचं काम एका चिमुकल्या वायुभारमापकाचं. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, सुरुवातीला दर शंभर मीटरला साधारण बारा मिलिबार. घटता घटता तो थांबला आणि वाढू लागला की उपकरण समजतं, शिखर आलं. ते काडीला वीज देतं, दारू भडकते, वायूचा दाब नायलॉनच्या बारीक पिना तोडतो, नळी दुभंगते आणि छोटं पॅराशूट बाहेर पडतं. मोठं पॅराशूट लगेच उघडायचं नसतं, नाहीतर वारा रॉकेट गावभर फिरवील. ते जमिनीपासून दीडेकशे मीटरवर, दुसऱ्या स्फोटाने उघडतं.

ऐकायला सरळ आहे, पण उपकरणाच्या कप्प्याला बाहेरची हवा कळावी म्हणून भोकं पाडावी लागतात. ती लहान झाली तर दाब उशिरा पोचतो, मोठी झाली तर वाऱ्याचे झोत आत शिरून आकडे नाचवतात. रॉकेट ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की आघाततरंग त्या भोकांवरून सरकतो, दाब अचानक वाढल्यासारखा दिसतो आणि उपकरणाला वाटतं, शिखर आलं. ऐन वेगात पॅराशूट उघडलं तर खाली चिंध्या येतात. म्हणून प्रोग्रॅममध्ये सांगून ठेवायचं की अमुक सेकंदांपर्यंत काहीही दिसलं तरी विश्वास ठेवू नकोस. शिवाय उपकरणं दोन, बॅटऱ्या दोन, दारूच्या पुड्याही दोन, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मुलं महिनोन्महिने डोकं खपवतात ते या हातभर लांबीच्या कप्प्यात. इंजिन विकत मिळतं; उतरणं विकत मिळत नाही.

उतरण्याचे नियमही कडक. कुठलाही तुकडा जमिनीला टेकताना त्याची गतिज ऊर्जा ७५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे शंभर ज्यूल, याहून जास्त नको. चार किलोच्या तुकड्याला याचा अर्थ सेकंदाला सात मीटर. उतरायला नव्वद सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नयेत आणि वाहून जाणं अडीच हजार फुटांच्या आत हवं. मी कागदावर मांडून पाहिलं: दीड किलोमीटरवरून छोट्या पॅराशूटवर सेकंदाला पंचवीस मीटरने आणि शेवटचे दीडशे मीटर मोठ्यावर सातने उतरलं, तर पंचाहत्तर सेकंद. ताशी वीस मैलांचा वारा तेवढ्यात ते जवळपास पावणेसातशे मीटर दूर नेतो.

पावणेसातशे मीटर. नामपल्लीच्या बाग-ए-आममधून असं काही सुटलं तर शेजारी विधानसभा आहे, पलीकडे रेल्वे स्टेशन, नुमाइशचं मैदान आणि माणसंच माणसं. उड्डाण नामपल्लीत होणार नाही, हे सांगायला नियमावली लागत नाही.

पण साठवणंही होणार नाही. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, नामपल्लीच्या बाजारघाटात एका रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर ठेवलेली रसायनांची पिंपं पेटली आणि वर राहणारी नऊ माणसं गेली. त्या गल्लीतून जाताना ‘आमच्या खोलीवर थोडंसं ऑक्सिडायझर ठेवलंय’ असं कुणी उत्साहाने सांगितलं, तर मी आधी त्याच्या आईवडिलांना फोन करीन.

कायदाही याच बाजूने उभा आहे. १८८४ चा स्फोटक कायदा, २००८ चे नियम आणि ते राबवणारी ‘पेसो’, जिचं मुख्यालय नागपूरला. स्कायरूटच्या ‘कलाम-५’ इंजिनाची चाचणीही डिसेंबर २०२० मध्ये नागपूरच्याच सोलार इंडस्ट्रीजच्या आवारात झाली होती. कंपनी परवानाधारक आवारात जाऊ शकते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी कुठे जावं? अमेरिकेत ‘ए’पासून वर चढत जाणारी जी शिडी आहे, तशी पायरीपायरीने परवाना देणारी व्यवस्था आपल्याकडे उभी राहिलेली नाही. दिवाळीचं रॉकेट आठ वर्षांच्या पोराच्या हाती बाटलीसकट देतो, आणि त्यानंतर थेट श्रीहरिकोटा. डीआरडीएलमधून निवृत्त झालेल्या माणसाला या विषयातलं नासाच्या कुठल्याही मार्गदर्शकाइतकं कळत असेल, पण मुलांच्या वतीने ती ग्रॅमभर दारू हातात घ्यायचा रीतसर अधिकार त्याला देणारा कागद नाही. मला यात सुरक्षिततेपेक्षा आळस जास्त दिसतो.

वाट अलीकडे थोडी उघडली आहे. खासगी अंतराळ उपक्रमांना परवानगी देणाऱ्या ‘इन-स्पेस’ या सरकारी संस्थेने विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅटची, म्हणजे डब्याएवढ्या उपग्रहाची, स्पर्धा सुरू केली. तिच्यासाठी उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात १४ जून २०२५ रोजी चाचणी झाली, रॉकेट १.१ किलोमीटर चढलं आणि पेलोड पॅराशूटवर उतरलं. ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांची अंतिम फेरीही तिथेच भरली. हैदराबादच्या मुलांना गोरखपूरच्याही पुढे जावं लागतं, पण निदान जायला जागा आहे.

दुसरी वाट तमिळनाडूची. १९ फेब्रुवारी २०२३ रोजी पट्टिपुलमहून विद्यार्थ्यांचे दीडशे पिको उपग्रह घेऊन एक हायब्रिड रॉकेट उडालं, आणि २४ ऑगस्ट २०२४ रोजी तिरुविडंदईहून ‘रुमी-१’. हायब्रिडमध्ये इंधन आणि ऑक्सिडायझर वेगळे राहतात, त्यामुळे साठवणीत स्फोटक मिश्रण असं काही उरत नाही. ‘रुमी’बद्दल तर बनवणाऱ्यांनी ठासून सांगितलं की त्यात स्फोटक द्रव्य शून्य, पॅराशूटही विजेच्या यंत्रणेने उघडतं. म्हणजे मार्गदर्शकाच्या हातातली ती एक ग्रॅम त्यांनी रॉकेटमधूनच काढून टाकली.

नामपल्लीच्या मुलांनी सुरुवात करावी तर इथूनच, असं माझं मत आहे. दारूऐवजी स्प्रिंग किंवा दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडची बाटुकली, भोकांचा हिशेब, काचेच्या हंडीत हवा उपसून वायुभारमापकाची परीक्षा, परवानगीच्या मैदानावर ड्रोनमधून सोडलेलं पॅराशूट: यातलं काहीच पेटत नाही. इंजिन लागेल तेव्हा कुशीनगरची तारीख बघावी. हायब्रिड स्वतः करायचं मनात आलं तर त्याला बहुधा नायट्रस ऑक्साइड लागतो आणि तो दाबाखालच्या सिलिंडरमधून येतो. गॅस सिलिंडरांचे नियमही पेसोच राबवते, तेव्हा अर्ज पुन्हा नागपूरलाच.