सी आणि असेंब्ली यांची सामाईक हेडर फाइल

‘राजीनामा’ हा शब्द उर्दूत उभय पक्षांच्या संमतीचा लेख दर्शवितो. मराठीत तोच शब्द पद सोडल्याचा अर्थ देतो. अक्षरे तीच, वाचणारे दोन. सी आणि असेंब्ली या भाषांसाठी एकच हेडर फाइल वापरताना उद्भवणारी अडचण याच जातीची आहे.

कार्यप्रणालीचा गाभा बहुतांशी सीमध्ये लिहिला जातो. परंतु यंत्र सुरू होतानाचा आणि इंटरप्ट हाताळणीचा आरंभीचा भाग असेंब्लीत लिहावा लागतो. मेमरीच्या पानाचा आकार ४०९६ बाइट आहे, ही बाब दोन्ही भागांना ठाऊक असावी लागते. ती दोन ठिकाणी लिहिली की एक दिवस एकच बदलली जाते.

सुदैवाने सीचा प्रीप्रोसेसर केवळ मजकुराची अदलाबदल करतो. डिफाइनने दिलेली संख्या असेंब्लीतही तितकीच चालते. जीसीसीमध्ये असेंब्ली फाइलचे विस्तारनाम मोठ्या लिपीतील ‘एस’ असेल तर ती प्रीप्रोसेसरमधून जाते, लहान ‘एस’ असल्यास जात नाही. विद्यार्थ्यांचा पुष्कळ वेळ या एका अक्षरापायी खर्ची पडतो.

स्ट्रक्ट, टाइपडेफ आणि फंक्शनची घोषणा मात्र असेंब्लरला वाचता येत नाही. असेंब्ली फाइल हाताळताना जीसीसी ‘असेंब्लर’ हे नाव, मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर लावून, आपणहून परिभाषित करते. म्हणून सीपुरता मजकूर त्या नावाच्या इफनडेफ आणि एंडइफ यांच्या मध्ये ठेवतात. संख्येपुढील ‘यूएल’ ही अक्षरेही जुन्या असेंब्लरना चालत नाहीत. लिनक्सच्या कर्नलमध्ये सीसाठी ती जोडणारा व असेंब्लीसाठी गाळणारा स्वतंत्र मॅक्रो आहे.

खरी कसोटी स्ट्रक्टची. एमआयटीत अध्यापनासाठी २००६ साली लिहिलेल्या एक्सव्ही६ या कार्यप्रणालीची रिस्क-फाइव्ह आवृत्ती पाहावी. तिच्यात ट्रॅपफ्रेम नावाचे स्ट्रक्ट आहे. प्रोग्रामचे रजिस्टर त्यात साठविण्याचे काम असेंब्ली करते, आणि अंतरे हाताने लिहिलेली आहेत: आरए ४० वर, ए७ १६८ वर, एस२ १७६ वर. समजा, कोणी आरएच्या आधी आठ बाइटांचे एक नवे फील्ड घातले. सी कंपायलर ए७ ची जागा निमूटपणे १७६ धरतो. असेंब्ली तेथे एस२ ठेवीत राहते. सिस्टम कॉलचा क्रमांक ए७ मध्ये येत असल्याने कर्नल भलताच क्रमांक वाचते. कंपायलर मात्र चकार शब्द काढीत नाही! मूळ लेखकांनी प्रत्येक फील्डशेजारी टिप्पणीत अंतर लिहिले आहे. पण टिप्पणी कोणताही कंपायलर तपासत नाही.

लिनक्समध्ये ही अंतरे माणूस लिहीत नाही. एका छोट्या सी फाइलमध्ये ऑफसेटऑफने ती काढली जातात, फाइल फक्त असेंब्लीपर्यंत कंपाइल होते, आणि त्या मजकुरातून सेड या साधनाने आकडे वेचून नवी हेडर फाइल बनते. वर्गातील लहान प्रकल्पाला एवढा खटाटोप नको. २०११ च्या सी मानकातील स्टॅटिक असर्ट पुरे: हेडरमध्ये १६८ एकदाच डिफाइन करावे, सी फाइलमध्ये ऑफसेटऑफशी त्याची तुलना करावी, फरक पडताच कंपायलर तेथेच थांबतो.

असेंब्लीत ओळीच्या आरंभी हॅश चिन्हाने टिप्पणी लिहिण्याची सवय तेवढी सोडावी. हॅशपुढे ‘इफ’ शब्द आला, की प्रीप्रोसेसर त्या टिप्पणीलाच आज्ञा समजतो.